जुन्या खातेउताऱ्यातील ‘बाकी’ म्हणजे येणे की देणे?

विश्वामित्रीकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझा जन्म बडोद्याचा आणि शिक्षणही इथलेच. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण ती स्वयंपाकघराची, सणावाराची आणि नातेवाइकांची मराठी आहे. बाजाराचा आणि हिशेबाचा व्यवहार मी कायम गुजरातीत नाहीतर इंग्रजीत केला. त्यामुळे माझा प्रश्न कोणाला अगदी प्राथमिक वाटला तर कृपया सांभाळून घ्यावे.

माझे आजोबा मिरज तालुक्यात हळद पिकवत आणि सांगलीच्या एका अडत पेढीवर (दलालीवर माल विकून देणाऱ्या दुकानात) विकत. गेल्या महिन्यात आत्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत त्या पेढीने दिलेल्या खातेउताऱ्याचे दोन कागद सापडले. १९७० च्या दिवाळीपासून १९७१ च्या दिवाळीपर्यंतचा हा हिशेब आहे. एक कागद आजोबांच्या नावाचा आहे आणि दुसरा त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाचा. कागदाच्या चार घड्या केलेल्या आहेत आणि एक घडी नेमकी शेवटच्या ओळीवरून गेली आहे, तरी अक्षर वाचता येते.

आजोबांच्या कागदावर डावीकडे ‘जमा’ आणि उजवीकडे ‘नावे’ असे लिहिले आहे. जमा बाजूला चैत्रात ‘हळद पट्टी ५५०’ अशी एकच मोठी नोंद आहे. नावे बाजूला कार्तिकात ‘मागील बाकी ४१०’, फाल्गुनात ‘बारदान २२’, ज्येष्ठात ‘उचल ३००’ आणि आश्विनात ‘व्याज ३३’ अशा नोंदी आहेत. सर्वांत शेवटी जमा बाजूला ‘बाकी २१५’ असे लिहून दोन्ही बाजूंची बेरीज ७६५ केली आहे. धाकट्या आजोबांच्या कागदावर मात्र ‘बाकी ६२’ ही ओळ उजवीकडे, म्हणजे नावे बाजूला आहे.

आमच्या घरात यावर दोन मते आहेत. बाबांचे म्हणणे असे की बाकी जमा बाजूला आहे, म्हणजे ती रक्कम आजोबांची पेढीकडे जमा होती आणि पेढीने ती बुडवली. आत्या म्हणते की बाकी म्हणजे कर्जच. आजोबा शेवटपर्यंत अडत्याचे देणेकरी राहिले, असे तिने लहानपणी घरात ऐकले आहे आणि ते तिच्या मनाला आजही लागून आहे. रक्कम आज क्षुल्लक वाटेल, पण आत्यासाठी हा प्रश्न रकमेचा नाही. या दोघांपैकी बरोबर कोण, आणि एकच शब्द येण्यालाही आणि देण्यालाही कसा चालतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ‘शिल्लक’ आणि ‘बाकी’ यांत फरक आहे का, हेही मला समजून घ्यायचे आहे.

जुना दिवाणजी

ताई, मी सदतीस वर्षे अडत दुकानात दिवाणजी म्हणून कीर्द-खतावणी, म्हणजे रोजची नोंदवही आणि खातेवही, लिहिली आहे, त्यामुळे हा कागद न पाहताही डोळ्यांसमोर उभा राहिला. आधी सरळ उत्तर देतो. १९७१ च्या दिवाळीला आपल्या आजोबांकडून पेढीला २१५ रुपये येणे होते आणि धाकट्या आजोबांना पेढीकडून ६२ रुपये येणे होते. म्हणजे त्या दिवसापुरते आत्याबाईंचे बरोबर आहे. बाबांची चूक झाली ती बाकी कोणत्या बाजूला लिहिली आहे यावरून अर्थ काढण्यात, आणि ही चूक भल्याभल्यांची होते.

देशी पद्धतीच्या खात्यात डावी बाजू जमेची आणि उजवी नाव्याची असते. इंग्रजी पद्धतीच्या खातेवहीत याच्या उलट, नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे असते, म्हणून कॉलेजात हिशेब शिकलेली मुले जुनी वही हाती घेतली की गोंधळतात. खातेदाराने पेढीला जे दिले, मग तो माल असो की रोकड, ते त्याच्या खात्यावर जमा होते. पेढीने खातेदाराला जे दिले, मग ती उचल (आगाऊ रक्कम) असो, बारदान (मालाची पोती) असो की त्याच्यावर आकारलेले व्याज असो, ते त्याच्या नावे पडते. आपल्या आजोबांच्या नावे ४१०, २२, ३०० आणि ३३ मिळून ७६५ रुपये पडले. त्यांच्या खात्यावर जमा झाली ती फक्त ५५० रुपयांची पट्टी, म्हणजे विकलेल्या हळदीची रक्कम. वजा केले तर २१५ उरतात, आणि ते नाव्याच्या अंगाने उरतात.

आता ती बाकी जमेच्या बाजूला का लिहिली? वर्षअखेर खाते बंद करताना दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आणायची असते आणि त्यासाठी जी बाजू उणी पडते तिच्यात फरकाची रक्कम भरतात. येथे जमेची बाजू २१५ ने उणी होती, म्हणून बाकी तिथे लिहिली आणि दोन्हीकडे ७६५ चा मेळ बसला. ही नुसती मेळ घालण्याची ओळ आहे. त्या दिवशी कोणी २१५ रुपये आणून दिलेले नाहीत. पुढच्या कार्तिकात नवीन खाते उघडताना हीच रक्कम ‘मागील बाकी २१५’ म्हणून नावे बाजूला, म्हणजे तिच्या खऱ्या जागी, पहिल्या ओळीत येते. आपण दिलेल्या कागदावरच याचा पुरावा आहे. १९७० ची मागील बाकी ४१० नावे बाजूलाच आहे, म्हणजे तीही आजोबांकडून येणे होती. म्हणून जुना उतारा वाचताना वर्षाच्या पायथ्याची बाकी पाहून निर्णय करू नये. पुढच्या वर्षाच्या डोक्यावरची मागील बाकी पाहावी.

आमच्याकडे नवशिक्या पोराला हे समजावे म्हणून नुसते ‘बाकी’ असे लिहू देत नसत. ‘बाकी येणे’ किंवा ‘बाकी देणे’ असे पुरे लिहायला लावत. येणे आणि देणे हे नेहमी वही ज्याची त्याच्या नजरेतून. अनुभवी माणूस मात्र घाईत नुसते ‘बाकी’ लिहून पुढे जाई, कारण त्याला बाजू पाहिली की कळत असे. आपल्या कागदावर तसेच झालेले दिसते.

एक गोष्ट मात्र आत्याबाईंना आवर्जून सांगावी. हळदीच्या पेठेत त्या काळी बाकी नसलेले खाते विरळा होते. लागणीच्या वेळी उचल घ्यायची, माल काढून, शिजवून, वाळवून आणला की पट्टीतून ती फेडायची आणि पुढच्या लागणीसाठी पुन्हा घ्यायची, हा दरवर्षीचा फेराच होता. पुष्कळांची हळद भाव येईपर्यंत हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, पडून असे. म्हणजे माल आहे, पण तो खात्यावर जमा झालेला नाही, अशीही बाकी असे. पेढीसुद्धा पत असलेल्या माणसालाच उचल देत असे. शिवाय ४१० ची बाकी वर्षभरात २१५ वर आलेली आहे. आमच्या भाषेत अशा खात्याला ‘चालते खाते’ म्हणत, आणि चालत्या खात्याची बाकी हा कोणी लांच्छनाचा विषय मानत नसे. खाते थांबले, माणूस पेठेत यायचा बंद झाला, तर मग तीच बाकी बुडीत होत असे.

हिशेब दिवाळी ते दिवाळी आहे याचेही आश्चर्य वाटू देऊ नये. पेढ्यांचे वर्ष पाडव्याला सुरू होई. लक्ष्मीपूजनाला नव्या वह्या पूजायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांत मागील बाक्या ओढायच्या. १९८९-९० या आकारणी वर्षापासून प्राप्तिकरासाठी सर्वांचे वर्ष ३१ मार्चला संपू लागले, तेव्हापासून दिवाळीला पूजा राहिली आणि बाक्या ओढण्याचे काम एप्रिलकडे गेले.

विश्वामित्रीकाठ

दिवाणजी, आपण इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मी कागद पुन्हा समोर ठेवून आपण सांगितल्याप्रमाणे एकेक ओळ वाचली आणि प्रथमच तो मला समजला. धाकट्या आजोबांचा कागदही त्याच रीतीने लागला: त्यांच्या नावे एकूण ३६८ आणि जमा ४३० आहेत, म्हणजे नाव्याची बाजू ६२ ने उणी होती आणि म्हणून बाकी तिकडे लिहिली गेली. बाबांना हे पटले आहे, पण ते गप्प झाले आहेत. शब्दाविषयीचा माझा प्रश्न अजून उभा आहे, त्यावरही कोणी लिहिले तर बरे होईल.

मराठीचे मास्तर

दिवाणजींनी हिशेब उलगडला आहे, मी शब्दापुरते लिहितो.

‘बाकी’ हा मुळात अरबी शब्द. उरणे, टिकून राहणे हा त्याचा मूळ अर्थ. तो फारसीमार्गे दफ्तरांत आला आणि तिथून मराठीत रुजला. मराठीने त्याला स्त्रीलिंगी केले. आपण ‘बाकी निघाली’, ‘बाकी फिटली’ असे म्हणतो. शिवकाळात राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, तरी हा शब्द काही व्यवहारातून हलला नाही. ज्या हिशेबी शब्दांशिवाय कारकुनाचा दिवस उगवत नाही ते शब्द असे सहजासहजी जात नाहीत. ‘वजाबाकी’ पाहा. ‘वजा’ हाही अरबी आणि ‘बाकी’ही अरबी, पण दुसरीतल्या मुलाला तो शब्द ‘बेरीज’ इतकाच घरचा वाटतो. वजा करावे आणि बाकी काढावी, अशी पुरी क्रियाच त्या नावात सांगितलेली आहे.

आपला मुख्य प्रश्न असा की एकच शब्द येण्यालाही आणि देण्यालाही कसा चालतो. माझ्या मते त्याचे उत्तर भागाकारात आहे. सतराला पाचने भागले की भागाकार तीन येतो आणि बाकी दोन उरते. ते दोन कोणाचे आहेत असा प्रश्न आपण वर्गात विचारत नाही. बाकी म्हणजे जे करायचे होते ते करून झाल्यावर जे अजून उरले आहे ते. बाकी शून्य आली की निःशेष भाग गेला असे म्हणतो. व्यवहारात दोन माणसे आली की त्या उरलेल्याला मालक मिळतो, आणि तो मालक कोण हे ‘बाकी’ हा शब्द सांगत नाही. ते ‘येणे’ आणि ‘देणे’ या शब्दांनी सांगावे लागते. दिवाणजींच्या पेढीवर नवशिक्यांना ‘बाकी येणे’ असे पुरे लिहायला लावत, यात शब्दाच्या स्वभावाची अचूक जाण आहे.

आता ‘शिल्लक’. कोशात हे दोन शब्द शेजारी बसलेले असतात, पण बोलणाऱ्याच्या तोंडी ते वेगळे आहेत, आणि हा फरक मी वर्गात पैशांवरून न सांगता स्वयंपाकघरावरून सांगतो. ‘भाजी शिल्लक आहे’ असे आई म्हणाली तर भाजी झालेली आहे, सर्वांची जेवणे उरकली आहेत आणि पातेल्यात काही उरले आहे. ‘भाजी बाकी आहे’ असे ती म्हणाली तर भाजी अजून फोडणीला टाकायची आहे. दोन्ही वाक्यांत काहीतरी उरलेलेच आहे, पण पहिल्यात वस्तू उरली आहे आणि दुसऱ्यात काम उरले आहे. शिल्लक हाताशी असते. बाकी पुढे उभी असते. म्हणूनच आपण ‘बँकेत शिल्लक किती आहे’ असे विचारतो आणि ‘कर्जाची बाकी किती आहे’ असे विचारतो. या दोन वाक्यांत शब्दांची अदलाबदल केली तर अर्थ कळेल, पण कान अडखळेल. रोजकीर्दीच्या आरंभी रोकड लिहिताना ‘श्री शिल्लक’ असे लिहीत, त्यामागेही हीच जाण असावी. तिजोरीत मोजून ठेवलेल्या नोटा कोणाकडून यायच्या किंवा कोणाला द्यायच्या राहिलेल्या नसतात.

पैशांच्या बाहेरही हा शब्द याच अंगाने वाढला आहे. ‘दोन धडे बाकी आहेत’, ‘लग्नाची बोलणी बाकी आहेत’ यांत काम राहिलेले आहे. ‘छळायचे काही बाकी ठेवले नाही’ यात क्रूरपणाचा जणू पुरता हिशेब चुकता झालेला आहे. संकटावर संकट आले की बायकामाणसे ‘आता एवढेच बाकी होते’ म्हणतात, तेव्हा दैवाकडून यायचे शेवटचे येणेही आले, असा सूर त्यात असतो. भेट झाल्यावर मुख्य बोलणे संपले की ‘बाकी काय म्हणता?’ असे आपण विचारतो. सांगितले ते वजा केले, आता उरलेले सांगा. हे सर्व ‘शिल्लक’ला जमणार नाही.

आणखी एक उपयोग मला फार आवडतो. ‘पोरगी बाकी धीराची हो’, ‘आज बाकी जेवण झकास झाले’. येथे काही उरलेले नाही, कोणाचे देणेही नाही. बोलणारा इतर सर्व विचार बाजूला सारतो आणि एका गोष्टीवर बोट ठेवतो. ‘मात्र’ किंवा ‘खरोखर’ यांच्या जवळ जाणारे हे अव्यय आहे. परभाषकाला मराठी शिकवताना हे ‘बाकी’ समजावणे सर्वांत अवघड जाते, आणि ज्याला ते योग्य जागी वापरता आले त्याची मराठी पक्की झाली असे मी धरतो.

गटसचिव

मी विकास सोसायटीत, म्हणजे गावच्या कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, गटसचिव आहे. मास्तरांनी सांगितलेला ‘येणे’ या शब्दाचा मुद्दा माझ्या रोजच्या कामाचा असल्यामुळे लिहीत आहे.

आमच्या नोटिशीत ‘आपणांकडील येणे बाकी रुपये अमुक’ असा मजकूर असतो. हे ‘येणे’ सोसायटीच्या नजरेतून आहे, पण कागद जातो सभासदाच्या हातात. काही वर्षांपूर्वी एक वयस्क सभासद अशी नोटीस घडी करून घेऊन आले आणि माझे हे येणे कधी मिळणार असे त्यांनी विचारले. ‘येणे बाकी’ हे शब्द वाचून ते तालुक्याच्या गावाहून एसटीने आले होते. त्यांनी वाचले ते चूक नव्हते. लिहिणाऱ्याने कोणासाठी लिहितो याचा विचार केला नव्हता. तेव्हापासून मी तरी नोटिशीत ‘आपण संस्थेस भरावयाची रक्कम’ असेच लिहितो आणि ‘येणे बाकी’ हे शब्द आमच्या खतावणीपुरते ठेवतो. ज्यांच्या हाती असे मसुदे आहेत त्या सर्वांनी एवढा बदल करावा अशी माझी विनंती आहे.

दुसरा फरक ‘बाकी’ आणि ‘थकबाकी’ यांचा. मुदत संपायच्या आधी कर्जाची जी रक्कम फेडायची राहिली आहे ती बाकी. मुदत उलटून गेल्यावरही जी राहिली ती थकबाकी. बाकी असणारा प्रत्येक सभासद थकबाकीदार नसतो, आणि हे दोन शब्द एकच समजल्यामुळे गावात विनाकारण माणसाची पत जाते. या एका ‘थक’ने किती फरक पडतो ते महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेच्या वेळी सर्वांनी पाहिले. २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेल्या त्या योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेले पीक कर्ज धरले होते आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी त्याची मुद्दल व व्याजासह थकबाकी दोन लाखांपर्यंत असणे ही अट होती. ज्यांनी वेळेवर भरून खाते नियमित ठेवले होते त्यांच्या नावावरही बाकी होती, पण ती थकलेली नसल्यामुळे ते या कर्जमुक्तीत बसले नाहीत. त्यांच्यासाठी पन्नास हजारांपर्यंतच्या प्रोत्साहनपर रकमेचा मार्ग वेगळा काढावा लागला. त्या दिवसांत आमच्या ओट्यावर रोज हेच समजावत बसावे लागे: बाकी आहे, पण थकबाकी नाही.

थकबाकीची वसुली करायची तर सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवावा लागतो आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. महसुलाचे दफ्तर आणि आमचे दफ्तर येथे पुन्हा एकाच शब्दावर येऊन मिळते.

सर्व रक्कम फिटली की आम्ही सभासदाला बेबाकी दाखला देतो. तो दाखला तलाठ्याकडे नेऊन सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ रकान्यातला सोसायटीचा बोजा कमी करून घ्यायचा असतो. कर्ज फेडले, दाखलाही घेतला, पण बोजा कमी करायचा राहून गेला आणि जमिनीची वाटणी करताना वीस वर्षांनी तो आडवा आला, अशी उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. दाखला घरात ठेवून द्यायचा कागद नाही, एवढे कृपया ध्यानात घ्यावे.

रोजचा प्रवासी

मला हिशेबातले फारसे कळत नाही, पण बाकीची एक देण्याची बाजू मी बरीच वर्षे एसटीत पाहत आलो आहे. सुटे पैसे नसले की कंडक्टर तिकिटाच्या पाठीवर ‘३८’ असा आकडा लिहून त्याभोवती गोल करतो आणि ‘बाकीचे उतरताना घ्या’ असे सांगतो. त्या क्षणी प्रवासी धनको असतो आणि तेवढा कागद हाच त्याचा दस्तऐवज. उतरायच्या गडबडीत विसर पडला की ती बाकी गाडीबरोबर पुढे निघून जाते. एकदा मी खाली उतरून चार पावले चालून गेल्यावर कंडक्टरने घंटी न मारता गाडी थांबवून ठेवली, खिडकीतून हाक मारली आणि पैसे मोजून दिले, हे मी विसरलेलो नाही. आता फोनवरून तिकिटाचे पैसे देता येऊ लागल्यापासून पाठीवरचे आकडे कमी झाले आहेत.

विश्वामित्रीकाठ

सर्वांचे आभार. गटसचिवांनी लिहिलेला ‘बेबाकी’ हा शब्द वाचून मी एकदम थांबले, कारण त्यामुळे मला दुसरीच एक गोष्ट आठवली आणि ती मी पहिल्या प्रश्नात लिहिली नव्हती.

आजोबांच्या कागदाच्या मागच्या बाजूला वेगळ्या शाईने चार ओळी आहेत. मी त्या या हिशेबाचा भाग समजलेच नव्हते. दिवाणजींनी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर पाहायला सांगितले म्हणून काल कागद उलटला. तेथे उजवीकडे ‘मागील बाकी २१५’ आणि ‘व्याज १५’ आहे, डावीकडे ‘चैत्र, रोख जमा २३०’ आहे, त्याखाली आडवी रेघ आहे आणि रेघेखाली एकच शब्द आहे: ‘बेबाक’. हिंदीत बेबाक म्हणजे निर्भीड, स्पष्टवक्ता. त्यामुळे हे कोणीतरी आजोबांच्या स्वभावाविषयी लिहिले असावे असे आम्हाला वाटत होते, आणि ते तसे स्पष्टवक्ते होतेही. या शब्दाचा हिशेबाशी संबंध आहे का?

मराठीचे मास्तर

संबंध आहे, ताई, आणि आपण समजलात तो शब्द हा नव्हे. हे दोन वेगळे शब्द देवनागरीत एकसारखे दिसू लागले आहेत. निर्भीड या अर्थाच्या शब्दात ‘बाक’ हा फारसी शब्द आहे. त्याचा अर्थ भीती, म्हणून बेबाक म्हणजे ज्याला भीती नाही तो. हिशेबातल्या शब्दात मात्र आपली अरबी ‘बाकी’च आहे, ‘बे’ म्हणजे वाचून, विना. मूळ लिपीत या दोन शब्दांतला ‘क’ निरनिराळ्या अक्षरांनी लिहितात, तो भेद आपल्या लिपीत उरला नाही. हिशेबातले बेबाक म्हणजे ज्यावर काही बाकी राहिलेली नाही असे, पुरते फिटलेले. जुन्या मराठीत ‘कर्ज बेबाक केले’ असे सर्रास म्हणत. आता तो शब्द मुख्यतः गटसचिवांच्या दाखल्यात राहिला आहे.

जुना दिवाणजी

मास्तर म्हणतात तेच. खाते पुरे फिटले की रेघ ओढून खाली ‘बेबाक’ लिहायचे, ही आमच्याकडची रीत होती. ती ओळ पेढीच्या माणसाने लिहिलेली असते, खातेदाराने नव्हे. या ओळी नंतर, खाते फिटताना लिहिलेल्या, म्हणून शाई वेगळी आहे. रकमाही बरोबर लागतात. २१५ वर कार्तिकापासून चैत्रापर्यंतचे व्याज १५ आणि रोख जमा २३०. पट्टीतून वळते केलेले नाही, रोख भरलेले आहे, हे ध्यानात घ्यावे. म्हणजे १९७२ च्या पावसाने दगा देण्याआधीच, त्या चैत्रात, आपल्या आजोबांनी पेढीचे खाते फेडून बंद केले होते.

बाबांना आणि आत्याबाईंना दोन्ही बाजू वाचून दाखवा. पुढच्या पानावर बाकी आहे, मागच्या पानावर ती नाही. कागदाच्या घडीवर आता जोर देऊ नका; सपाट करून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

विश्वामित्रीकाठ

आत्याला आत्ताच फोनवर वाचून दाखवले. तिने ‘बेबाक’ हा शब्द मला तीनदा वाचायला लावला आणि मग २३० हा आकडा लिहून घेतला. मूळ कागद मी तिलाच परत पाठवत आहे.